हिमसागरातील तीन वर्षे

पृथ्वीच्या उत्तर टोकाभोवती एक विशाल महासागर पसरलेला आहे. त्याचा बराचसा भाग बर्फाने झाकलेला असतो. परंतु हा बर्फ जमिनीसारखा स्थिर नसतो. वारे आणि सागरप्रवाह यांच्या रेट्याने त्याचे अफाट थर सतत सरकत असतात. ते एकमेकांवर आदळतात, फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांचे उंच ढीग रचले जातात. अशा दोन थरांच्या कचाट्यात सापडलेले जहाज अडकित्त्यात धरलेल्या सुपारीसारखे फुटून जाई. एकोणिसाव्या शतकात अनेक धाडसी दर्यावर्दी उत्तर ध्रुवाच्या शोधार्थ निघाले. कित्येकांची जहाजे बर्फाने चिरडली, कित्येकांना उपासमारीने आणि रोगाने गाठले. ज्या बर्फाची साऱ्या खलाशांना धास्ती वाटे, त्याच बर्फाच्या स्वाधीन आपले जहाज करून ध्रुवाकडे जावयाचे, असा निश्चय करणारा एक पुरुष नॉर्वे देशात जन्मला. त्याचे नाव फ्रिट्यॉफ नान्सेन.

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी क्रिस्तियानिया नगराजवळ झाला. हेच नगर आज ऑस्लो या नावाने ओळखले जाते. त्याचे वडील वकील होते. आई मोठी धीट व कष्टाळू असून मुलांनी मोकळ्या हवेत वाढावे असा तिचा आग्रह असे. घराच्या मागेच दाट अरण्य होते. पायांना लाकडाच्या लांब पट्ट्या म्हणजे स्की बांधून बर्फावरून घसरत जाण्याची कला नान्सेन बालपणीच शिकला. मासे धरावेत, शेकोटीवर भाजून खावेत आणि झाडाखाली निजावे, असे दिवसच्या दिवस तो अरण्यात काढी. पुढे विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १८८२ साली सीलची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून तो उत्तर समुद्रात गेला. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ते जहाज काही आठवडे बर्फात अडकून पडले. डेकवर उभे राहून दूरवरच्या त्या शुभ्र, अज्ञात भूमीकडे पाहताना तरुण नान्सेनच्या मनात ती ओलांडून जाण्याची इच्छा निर्माण झाली.

सहा वर्षांनी त्याने ती पुरी केली. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वस्ती होती, पूर्व किनारा जवळजवळ निर्जन होता. पूर्वीचे प्रवासी वस्तीच्या बाजूने निघत आणि संकट येताच माघारी फिरत. नान्सेनने मुद्दाम उलटी दिशा धरली. निर्जन किनाऱ्यावरून निघाल्यावर मागे परतण्यात अर्थच उरत नव्हता. पुढे गेले तरच माणसे भेटणार होती. १८८८ साली पाच सोबत्यांसह स्कीवरून चालत त्याने ग्रीनलंडचा हिमप्रदेश प्रथमच ओलांडला. तो हिवाळा त्याला तेथेच काढावा लागला. त्या मुक्कामात तो इन्युइट लोकांच्या झोपड्यांतून राहिला, त्यांची भाषा थोडीबहुत शिकला आणि कातड्याने मढविलेली त्यांची अरुंद होडी, म्हणजे कायाक, चालविण्यातही तयार झाला. या शिक्षणाचा उपयोग त्याला पुढे व्हावयाचा होता.

याच सुमारास एक नवी कल्पना त्याच्या मनात घोळत होती. ‘जेनेट’ नावाचे एक अमेरिकन जहाज १८८१ साली सायबेरियाच्या उत्तरेस बर्फाने चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्या जहाजावरच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या काही वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाहून आलेल्या आढळल्या. त्यांत एका खलाशाचे नाव घातलेली विजारही होती. सायबेरियाजवळ बुडालेल्या जहाजाच्या वस्तू ग्रीनलंडला कशा पोहोचल्या? ध्रुवाजवळून जाणारा एखादा प्रवाह बर्फाबरोबर त्यांना घेऊन आला असला पाहिजे, असे अनुमान मोन नावाच्या नॉर्वेतील प्राध्यापकाने काढले. नान्सेनने त्यापुढचे पाऊल टाकले. विजार वाहून येते, तर जहाज का येणार नाही? सायबेरियाच्या बाजूने जहाज बर्फात शिरवावे, ते गोठू द्यावे आणि बर्फाबरोबर वाहत ध्रुवाच्या जवळून दुसऱ्या बाजूस निघावे, अशी त्याची योजना होती.

अनेक नामांकित दर्यावर्दींनी ही योजना वेडेपणाची ठरविली. बर्फाचा दाब सहन करील असे जहाज जगात नाही आणि माणसांना जाणूनबुजून मृत्यूच्या तोंडी देणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. नान्सेनने त्यांच्या आक्षेपांचा राग धरला नाही. त्यांतील खरा भाग ओळखून त्याने तसे जहाजच बांधावयास घेतले. नॉर्वेच्या लोकसभेने द्रव्यसाहाय्य दिले आणि कॉलिन आर्चर या कुशल कारागिराने जहाज घडविले. हे जहाज आखूड, रुंद आणि बुडाशी गोलसर होते. त्याच्या भिंती अर्ध्या मीटरहून अधिक जाडीच्या होत्या आणि आत तुळयांचे दाट जाळे होते. सुकाणू व पंखा वर ओढून घेण्याची सोय होती. परंतु त्याचे खरे बळ त्याच्या आकारात होते. तळहातावर घट्ट दाबलेला ओला आवळा जसा बोटांतून निसटतो, तसे हे जहाज बर्फाने दाबताच वर उचलले जावे आणि त्या दाबातून निसटावे, अशी ती युक्ती होती. २६ ऑक्टोबर १८९२ रोजी जहाज पाण्यात सोडण्यात आले. नान्सेनच्या पत्नीने, एव्हाने, त्याचे नाव ‘फ्राम’ ठेवले. नॉर्वेच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘पुढे’ असा होतो.

२४ जून १८९३ रोजी फ्राम क्रिस्तियानिया सोडून निघाले. नान्सेनची मुलगी तेव्हा अवघी काही महिन्यांची होती. वाटेत सायबेरियाच्या किनाऱ्यावर घसरगाड्या ओढणारे चौतीस कुत्रे जहाजावर घेतले. प्रवासाला एकूण तेरा माणसे होती. ओट्टो स्वेर्ड्रुप हा जहाजाचा कप्तान होता. ग्रीनलंडच्या सफरीतही तो नान्सेनबरोबर होता. शेवटचा मनुष्य बेंट्सेन हा तर ट्रॉम्सो बंदरात, जहाज सुटण्यापूर्वी थोडाच वेळ, येऊन सामील झाला. सप्टेंबरच्या २२ तारखेस जहाज बर्फाच्या सीमेशी थांबले आणि थोड्याच दिवसांत चोहोबाजूंनी गोठून गेले. सुकाणू वर ओढले गेले. आता शीड, यंत्र आणि कप्तान यांपैकी कोणाच्याही हाती दिशा राहिली नव्हती.

९ ऑक्टोबर रोजी बर्फाने पहिली कसोटी घेतली. दुपारी एकाएकी गडगडाट सुरू झाला. बर्फाचे थर एकमेकांवर चढू लागले आणि जहाज थरथरू लागले. सारे जण डेकवर धावले. आणि जे कागदावर रेखाटले होते तेच डोळ्यांपुढे घडले. फ्राम हळूहळू वर उचलले गेले, दाब ओसरताच पुन्हा खाली बसले. पुढे असे प्रसंग इतक्या वेळा आले की, बाहेर बर्फ गर्जत असताना आत मंडळी निवांतपणे जेवत बसत.

जहाज टिकणार, हे दिसून आले. परंतु माणसे टिकतील काय? ध्रुवप्रदेशात ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत उगवत नाही. थंडी शून्याखाली पन्नास अंश सेल्सिअसच्याही पलीकडे जाई. अशा काळोखात, एकाच जागी, तीच तेरा तोंडे पाहत महिनेच्या महिने काढावयाचे होते. पूर्वीच्या कित्येक मोहिमांत बर्फापेक्षाही आळस, औदासीन्य आणि आपसांतील कलह यांनीच अधिक घात केला होता. नान्सेनला हे पक्के ठाऊक होते. म्हणून जहाजावरील दैनंदिन जीवनाची आखणी त्याने जहाजाच्या बांधणीइतक्याच काळजीने केली होती.

जहाजाच्या मध्यभागी एक दिवाणखाना होता. थंडी आत येऊ नये म्हणून भिंतींतून लोकर, बूच, हरणांचे केस अशा वस्तूंचे थर भरलेले होते. त्याभोवती निजण्याच्या खोल्या होत्या. या दिवाणखान्यातील एकाच मेजावर तेराही जण जेवत. मोहिमेचा प्रमुख, कप्तान, डॉक्टर, लोहार आणि खलाशी यांच्यापुढे सारखेच अन्न येई. त्या काळच्या जहाजांवर अधिकाऱ्यांची पंगत निराळी आणि खलाशांची निराळी असे. फ्रामवर ही रीत नव्हती.

सकाळी आठ वाजता सारे उठत. न्याहारीला कडक पाव, चीज, खारवलेले मांस आणि फळांचा मुरंबा असे. आठवड्यातून काही वेळा ताजा पाव भाजला जाई. त्यानंतर काही जण कुत्र्यांना सुके मासे व बिस्किटे घालून मोकळे सोडीत, काही जण आचाऱ्याच्या मदतीला जात आणि बाकीचे आपापल्या कामाला लागत. पिण्यासाठी बर्फ फोडून आणणे, कोठारातील डबे मोजून ठेवणे, डेकवरचे हिम लोटणे, दोरखंड दुरुस्त करणे, अशी कामे रोजची होती. तळाशी सुतारकाम चाले, यंत्राच्या खोलीत लोखंडाची बारीक कामे होत आणि दिवाणखान्यात जोडे शिवले जात. भाता मात्र बाहेर बर्फावर मांडलेला असे. नाजूक उपकरणापासून कुऱ्हाडीच्या दांड्यापर्यंत हवी ती वस्तू या मंडळींनी जहाजावरच बनविली. दुपारी एक वाजता जेवण होई आणि नंतर थोडी विश्रांती. संध्याकाळी सहाला पुन्हा भोजन. मग पुस्तके वाचणे, पत्ते, बुद्धिबळ, गाणी असा कार्यक्रम रंगे. योहान्सेन हा भाता-पेटी छान वाजवी. डॉक्टर ब्लेसिंग याने तर एक वृत्तपत्रच सुरू केले. त्यात जहाजावरील घडामोडींची थट्टा असे. रात्री प्रत्येकाने पाळीपाळीने एक तास पहारा करावयाचा असे.

अंधारावर मात करण्यासाठी डेकवर एक पवनचक्की उभारली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस ती फिरू लागली आणि सूर्य मावळला त्याच सुमारास दिवाणखान्यात विजेचा दिवा उजळला. त्या काळी मोठमोठ्या शहरांतील पुष्कळ घरांतही तो पोहोचला नव्हता. ज्या वाऱ्याने अंग गारठून जाई, त्याच वाऱ्यापासून प्रकाश मिळविलेला पाहून साऱ्यांची मने प्रसन्न झाली.

शास्त्रीय कार्य तर रात्रंदिवस चालू असे. स्कॉट हान्सेन हा तरुण अधिकारी दर चार तासांनी हवेचा दाब, उष्णता आणि वारा यांची नोंद करी. कडाक्याच्या थंडीत उघड्या बोटांनी उपकरणांचे स्क्रू फिरवावे लागत, तरी नोंद चुकत नसे. समुद्राची खोली मोजण्यासाठी आणलेली दोरी तळापर्यंत पोहोचेना. ध्रुवसागर उथळ असावा, असाच तोवर सर्वांचा समज होता. तेव्हा मंडळींनी जहाजावरील एक पोलादी दोर उलगडला, त्याचे पेड जोडले आणि चार किलोमीटरहूनही लांब दोरी तयार केली. तिने मोजले असता समुद्र तीन हजार मीटरांहूनही खोल असल्याचे आढळले. वरच्या थंडगार पाण्याखाली अटलांटिक महासागरातून आलेल्या किंचित उष्ण पाण्याचा थर आहे, हेही उमगले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न सरकता थोडा उजवीकडे वळतो, हे नान्सेनने टिपून ठेवले. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे असे होते, हे एकमान या शास्त्रज्ञाने पुढे गणिताने सिद्ध केले.

डॉक्टर दर महिन्यास प्रत्येकाचे वजन करी आणि रक्त तपासी. ताजे अन्न न मिळाल्याने हिरड्या सुजून माणूस खंगत जाणारा स्कर्व्ही नावाचा रोग हा ध्रुवप्रवाशांचा मोठा शत्रू होता. परंतु नान्सेनने अन्नाची निवड अशी काळजीपूर्वक केली होती की, तो रोग जहाजावर फिरकलाच नाही. उलट माणसांची वजने वाढू लागली. रोगी मिळेनात म्हणून डॉक्टरने अखेर कुत्र्यांवर उपचार सुरू केले.

करमणुकीचे प्रसंगही येत. डिसेंबरमध्ये एका रात्री एक पांढरे अस्वल जहाजावर चढले आणि त्याने कुत्रे पळविले. सकाळी शोध घ्यावयास गेलेल्या पेटर हेंड्रिक्सेनवर त्याने झेप घातली. पेटरच्या हाती शस्त्र नव्हते. त्याने हातातला कंदीलच अस्वलाच्या डोक्यात हाणला आणि तो निसटला. इकडे बंदुका घेऊन धावलेल्यांची त्रेधा उडाली. नान्सेनच्या बंदुकीच्या नळीत थंडीपासून जपण्यासाठी घातलेला बोळा निघेना, दुसऱ्याची बंदूक उडेना. शेवटी योहान्सेनने अस्वल मारले. त्याच दिवशी, १३ डिसेंबरला, क्विक नावाच्या कुत्रीला तेरा पिल्ले झाली. तेरा माणसांच्या जहाजावर या योगायोगाचे मोठे कौतुक झाले. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी निशाणे घेऊन, वाद्य वाजवीत, बर्फावरून तेरा जणांची मिरवणूक निघाली. तिला पाहावयास मात्र कुत्र्यांवाचून कोणी नव्हते.

एवढी सुव्यवस्था असूनही एका माणसाचे मन शांत नव्हते. तो म्हणजे स्वतः नान्सेन. पहिल्या काही आठवड्यांत बर्फाने जहाजाला उत्तरेऐवजी उलट दक्षिणेकडेच नेले. पुढे ते उत्तरेस सरकू लागले, पण गोगलगायीच्या गतीने. आणि मिळविलेले अंतर वारा फिरताच पुन्हा गमवावे लागे. सर्वांना धीर देणारा हा पुरुष रात्री आपल्या खोलीत रोजनिशी लिहिताना निराश होई. स्वभावाने तो आग्रही होता. प्रत्येकाच्या कामात लक्ष घालण्याची त्याची सवय सोबत्यांना कधीकधी जाचत असे. स्वेर्ड्रुपचा शांतपणा अशा वेळी उपयोगी पडे. वाट पाहणे हेच सर्वांत कठीण काम असते, हे नान्सेनला या जहाजावर शिकावे लागले.

१८९५ च्या जानेवारीत बर्फाने सर्वांत मोठा हल्ला केला. बर्फाचा एक डोंगरच डाव्या बाजूने जहाजावर चालून आला. अन्न, तंबू आणि होड्या बर्फावर काढून सारे जण जहाज सोडण्याच्या तयारीने उभे राहिले. परंतु फ्राम करकरत त्या मिठीतून सुटले आणि वर आले. त्यानंतर जहाजाविषयी कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

एव्हाना नान्सेनने ओळखले होते की, प्रवाह जहाजाला ध्रुवाच्या जवळून नेईल, पण ध्रुवावर नेणार नाही. म्हणून योहान्सेनला बरोबर घेऊन पायी निघण्याचे त्याने ठरविले. दोनदा निघून, गाड्यांतील दोष ध्यानात येताच, तो परतला. अखेर १४ मार्च १८९५ रोजी अठ्ठावीस कुत्रे, तीन घसरगाड्या आणि दोन कायाक घेऊन दोघांनी जहाज सोडले. वाहत्या बर्फावरील जहाज पुन्हा सापडणे शक्य नव्हते. परतण्याची वाट आता निराळी होती. एप्रिलमध्ये ते ८६ अंश १४ कला या अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर कोणीही मनुष्य इतक्या उत्तरेस गेलेला नव्हता. ध्रुव सुमारे ४२० किलोमीटर दूर होता. परंतु पुढे बर्फाचे ढिगारेच ढिगारे होते आणि पायांखालचा बर्फही दक्षिणेकडे सरकत होता. कीर्तीचा मोह आवरून नान्सेन माघारी वळला.

परतीचा मार्ग फार खडतर ठरला. अन्न संपत आले तसे इमानी कुत्रे एकेक करून मारावे लागले. या गोष्टीचे दुःख दोघांना जन्मभर राहिले. फ्रान्झ योसेफ द्वीपसमूहावर दगडांच्या झोपडीत, वॉलरसच्या कातड्याच्या छपराखाली त्यांनी हिवाळा काढला. पुढच्या उन्हाळ्यात एकदा कायाक दोर सुटून वाहू लागले. त्यांतच अन्न, बंदुका, सारे काही होते. नान्सेनने गोठणाऱ्या पाण्यात उडी घेतली आणि अर्धमेला होईपर्यंत पोहून ते पकडले. १७ जून १८९६ रोजी त्याला कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. तेथे जॅक्सन नावाच्या इंग्रज प्रवाशाचा तळ होता. जॅक्सनच्या जहाजाने १३ ऑगस्टला ते दोघे नॉर्वेला पोहोचले.

पण फ्रामचे काय झाले? नान्सेनला याच चिंतेने ग्रासले होते. योगायोग असा की, त्याच १३ ऑगस्टला स्पिट्सबर्गेनच्या उत्तरेस फ्राम बर्फातून मोकळे झाले. सुमारे पस्तीस महिने बर्फात राहून, जवळजवळ ८६ अंश अक्षांशापर्यंत जाऊन, ते आठवडाभरात नॉर्वेच्या किनाऱ्याला लागले. नान्सेन गेल्यावरही स्वेर्ड्रुपने जहाजावरील नेम मोडू दिला नव्हता. तेरापैकी एकही माणूस दगावला नाही. ट्रॉम्सो बंदरात तेराही जण पुन्हा भेटले, तेव्हा कोणालाच धड बोलता येईना.

नान्सेनचे उर्वरित आयुष्य दुसऱ्याच एका वादळात गेले. पहिल्या महायुद्धानंतर लक्षावधी युद्धकैदी परदेशांत अडकून पडले होते. १९२० साली राष्ट्रसंघाने त्यांना घरी पोहोचविण्याचे काम नान्सेनवर सोपविले. त्याने चार लाखांहून अधिक कैदी स्वदेशी परत नेले. रशियात दुष्काळ पडला तेव्हा त्याने देशोदेशी फिरून मदत गोळा केली. ज्यांना कोणताच देश आपले म्हणत नव्हता, अशा निर्वासितांसाठी १९२२ साली त्याने एक प्रवासपत्र सुरू करविले. ते ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून प्रसिद्ध झाले आणि पुढे पन्नासाहून अधिक देशांनी ते मान्य केले. त्याच वर्षी त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्याने दीनांच्या साहाय्यार्थ खर्च केली. फ्रामच्या मेजावर प्रत्येकाला सारखे पान वाढणारा हा पुरुष जगाच्या पंगतीतही कोणी उपाशी राहू नये म्हणून झटला.

१३ मे १९३० रोजी नान्सेन निधन पावला. १७ मे रोजी, राष्ट्रीय दिनीच, साऱ्या नॉर्वेने त्याला अखेरचा निरोप दिला. फ्राम जहाज ऑस्लो येथील संग्रहालयात जपून ठेवलेले आहे. त्याच्या जाड भिंतींआड तो लहानसा दिवाणखाना अद्याप पाहावयास मिळतो. तीन काळोखे हिवाळे तेथे माणसांनी वेळेवर उठून, नेमाने काम करून आणि एकत्र बसून जेवून काढले. बर्फाशी झुंजण्याचे त्यांचे शस्त्र एवढेच होते, आणि ते पुरले.